बाबांनो, रोझरी तुम्हीही हातात घ्या



आजचं हितगुज मुख्यतः बाबांशी आहे. आयांनी शेजारी बसून ऐकलं तर उत्तमच, कारण गोष्ट दोघांच्या संसाराची आहे.

रविवारच्या मिस्सेला अमरावतीत जा नाहीतर अकोल्यात, एक गोष्ट नजरेत भरते. पुढच्या बाकांवर आजी, आई आणि लेकरं असतात. बापमाणसं बरीचशी मागे, दाराशी. प्रवचन लांबलं की त्यातले काही हळूच बाहेर गाडीपाशी जातात. घरीही तसंच. संध्याकाळी आई रोझरी सुरू करते, मुलं तिच्याभोवती बसतात आणि बाबा आतल्या खोलीत मोबाईलवर असतात.

तुमचे कष्ट मला दिसतात. एमआयडीसीतल्या दालमिलमध्ये दिवसभर उभं राहून येणारा, बडनेऱ्याला रेल्वेत रात्रपाळी करणारा, कापसाच्या भावाकडे डोळे लावून बसलेला, असा प्रत्येक बाप थकूनच घरी येतो. पण या थकव्यामागे एक समजूत घर करून बसली आहे: कमवायचं बापानं, देवाचं बघायचं आईनं. या समजुतीला आपल्या श्रद्धेत कुठेही आधार नाही.

वऱ्हाडातल्या आपल्या चर्चचा इतिहास थोडा आठवून बघा. संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने स्थापन झालेल्या संस्थेचे मिशनरी 1846 साली विशाखापट्टणमला उतरले. त्यांचं काम पुढे नागपूरपर्यंत पोचलं. 1887 मध्ये नागपूर धर्मप्रांत झाला आणि 1955 मध्ये त्यातून अमरावतीचा धर्मप्रांत वेगळा निघाला. अमरावतीचे पहिले बिशप जोसेफ रोझारिओ याच संस्थेचे. म्हणजे आपल्या भागात श्रद्धा रुजवण्यात ज्या धर्मगुरूंचा मोठा वाटा, ते ज्या संताचं नाव लावत, त्या संतानं 1609 मध्ये एक पुस्तक लिहिलं ते खास प्रपंचात असलेल्या माणसांसाठी. त्यांचं सांगणं सरळ होतं. भक्ती ही मठात राहणाऱ्यांचीच मिरास नाही. शिपायाला छावणीत, कारागिराला कामाच्या जागी आणि नवरा-बायकोला घरात देवाचं होता येतं. प्रत्येकाची भक्ती त्याच्या कामाला आणि ताकदीला झेपेल अशी असावी. दुकानदारानं दिवसभर देवळात बसून राहावं, असं त्यांनी कधी सांगितलं नाही. अशी शिकवण ज्या वारशात आहे, त्या वारशातल्या बापानं ‘आपल्याला कुठं जमतं’ म्हणणं शोभत नाही.

जमतं हे दाखवणारी माणसंही आहेत. देवसहायम पिल्लै त्रावणकोरच्या दरबारातले अधिकारी, लग्न झालेले गृहस्थ. 15 मे 2022 रोजी त्यांना संत घोषित करण्यात आलं. पण रोजच्या घरसंसाराबद्दल मला फ्रान्समधल्या लुई मार्टिन यांच्याकडून जास्त शिकायला मिळतं. अलाँसों गावात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं आणि दागिन्यांचं दुकान होतं. रविवारी गिऱ्हाईक जास्त यायचं, तरी दुकान बंद ठेवायचे. पत्नी झेली लेसचा व्यवसाय करत. तो वाढला तेव्हा लुईंनी आपलं दुकान विकलं आणि तिच्या कामात हातभार लावला. बायकोचं काम मोठं झाल्यानं आपण लहान होतो, असं त्यांना वाटलं नाही. नऊ मुलांपैकी चार लहानपणीच गेली. 1877 मध्ये झेलीही गेल्या आणि पाच मुलींना त्यांनी एकट्यानं वाढवलं.

हा माणूस रात्रंदिवस गुडघ्यावर बसलेला नसायचा. मासेमारीचा त्यांना भारी शौक. धाकटी मुलगी तेरेसा लहान गळ घेऊन त्यांच्यासोबत जायची. दुपारी बापलेक फिरायला निघत आणि वाटेत एखाद्या चर्चमध्ये थोडा वेळ थांबत. संध्याकाळी मुलींना मांडीवर घेऊन ते गाणी म्हणत, खेळत, मग सगळे मिळून प्रार्थना करत. तेरेसा पुढे संत झाली. संत कशी प्रार्थना करतात हे कळायला आपल्याला बाबांकडे नुसतं बघणं पुरत असे, असं तिनं आपल्या आठवणींत नोंदवून ठेवलं आहे. लुई आणि झेली यांना 18 ऑक्टोबर 2015 रोजी एकत्रच संतपद मिळालं.

बाबांनो, लुईंच्या घरात कुटुंब, विरंगुळा आणि प्रार्थना यांचे वेगळे कप्पे नव्हते. एकाच संध्याकाळी तिन्ही होतं.

विरंगुळ्याचं थोडं सविस्तर बोलतो, कारण घरं तिथेच बिघडतात. सुटी मिळाली की ती कुणासोबत जाते? मित्रांसोबत धाब्यावर, आयपीएलच्या सट्ट्यावर, मोबाईलवरच्या पैशांच्या खेळावर, की दारूच्या बाटलीपाशी? दारूनं वऱ्हाडात किती घरं उद्ध्वस्त केली, हे कुणाला वेगळं सांगायची गरज नाही. विश्रांती हवीच, संत फ्रान्सिस द सेल्सही फिरणं, गप्पा, संगीत यांना नाही म्हणत नव्हते, जुगाराला मात्र म्हणत होते. पण ज्या विरंगुळ्याची गोष्ट घरी सांगताना जीभ अडखळते, तो विरंगुळा नव्हे.

आपल्याकडे चांगल्या विरंगुळ्याची कमी नाही. थंडीत शेतात चार घरांनी मिळून रोडगे करा. गोवऱ्यांची आग बापानं लावावी, वांग्याची भाजी त्यानंच हलवावी, रोडगे फोडून तूप घालताना पोरांनी गर्दी करावी आणि जेवायच्या आधी बापानंच प्रार्थना म्हणावी. अकोटकडचा नरनाळा किल्ला पोरांसोबत चढा. पावसाळ्यात चिखलदऱ्याला जा. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं 1914 पासून शरीर कमावण्याची परंपरा जपली आहे. पोराला मैदानावर न्या आणि तुम्हीही चार चकरा मारा. पैसा नसेल तर अंगणात सायकलची चेन बसवायला पोराला सोबत घ्या. बापासोबत हात काळे झालेला पोरगा बापाशी बोलू लागतो. पुढे वयात आल्यावर त्याला काही विचारायचं असेल तेव्हा तो बाहेर उत्तरं शोधत बसत नाही.

आता प्रार्थना. आमच्या ओळखीच्या एका घरात पाच वर्षांच्या मुलीनं विचारलं, “बाबा, तुम्ही काहून नाही म्हणत नमो मरिया? हे फक्त आईचंच काम हाये का?” बाबा काही बोलले नाहीत, उठून येऊन तिच्याजवळ बसले. पहिल्या दिवशी अर्धे शब्द विसरले होते, पोरीनं आठवण करून दिली. मुलं आपण सांगतो त्यावर चालत नाहीत, जे पाहतात ते उचलतात. आईची प्रार्थना मुलांना जन्मभर आठवते. पण बाप त्यात कधीच दिसला नाही, तर वयात येणारा पोरगा एवढंच समजतो की मोठा पुरुष झालो की हे सोडायचं असतं.

यात कमीपणा कसला? मोझरीच्या गुरुकुंजातून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थना गावोगावी पोचवली. आजही कितीतरी गावांत संध्याकाळी कामावरून आलेली बापमाणसं सतरंजीवर मांडी घालून सगळ्यांसोबत प्रार्थना म्हणतात. शेजारच्या भावाला हे जमतं, तर आपल्याला का जमू नये?

संत योसेफाकडे बघा. बायबलमध्ये त्याचा एक शब्दही नाही, पण त्याचं वागणं आहे. दरवर्षी वल्हांडणाच्या सणाला तो मरियेसोबत यरुशलेमला जायचा. येशू बारा वर्षांचा असताना त्यालाही नेल्याचं लूक सांगतो. मुलगा हरवला तेव्हा आईबापांनी मिळून तीन दिवस शोधला. घरी परतल्यावर योसेफ सुतारकाम करत राहिला. पोप पायस बारावे यांनी 1955 मध्ये, आपला धर्मप्रांत झाला त्याच वर्षी, 1 मे हा दिवस कामकरी योसेफाचा सण म्हणून ठरवला. घाम गाळणाऱ्या बापासाठी चर्चनं ठेवलेला हा मान आहे.

योसेफासारखं वागायला सद्गुण लागतात, पण सद्गुण म्हणजे काही अवघड शब्द नाही. विवेक म्हणजे पगारातून आधी मुलांची फी, मग बाकीचं. न्याय म्हणजे मुलाइतकंच मुलीला शिकवणं. धैर्य म्हणजे मित्र हसले तरी ग्लास परत सरकवणं. संयम म्हणजे चिडलेल्या रात्री आवाज न चढवणं, आणि चढलाच तर सकाळी बायको-पोरांसमोर ‘माझं चुकलं’ म्हणणं. मग पापनिवेदनाला जाऊन पुन्हा सुरुवात करणं. चुकला आणि उठला, असा बाप पाहिलेलं पोरगं स्वतः पडलं तरी उठायला शिकतं.

आयांनो, एक विनंती तुम्हालाही. बाबा उशिरा आले, थकलेले असले, शब्द चुकले, तर टोमणा मारू नका. पूर्ण रोझरी आठवड्यात एक दिवस म्हणा. रोज एक रहस्य आणि दहा नमो मरिया पुरेत. बाबा पुण्याला किंवा आखातात नोकरीला असतील, तर फोन समोर ठेवा आणि शेवटचं नमो मरिया त्यांना म्हणू द्या.

बाबांनो, घराचा हप्ता तुम्ही वेळेवर भरता, शाळेची फी भरता, आजारी पडलं तर रात्री-अपरात्री दवाखान्यात धावता. पोराबाळांसाठी एवढं करता तर हेही करा. आज जेवण झाल्यावर मोबाईल बाजूला ठेवा, जपमाळ तुमच्या हातात घ्या आणि प्रार्थनेची सुरुवात तुम्हीच करा.