रात्रपाळीची किल्ली

फोंडा, श्रावण वद्य दशमी

चि. बाय हिस मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

काल डिचोलीहून तुझी मावशी आली होती. चवथीच्या माटोळीच्या सामानाची यादी करायची म्हणून बसली आणि यादी राहिली बाजूला. तपासणी येणार अशी वार्ता तुमच्या हॉस्पिसमध्ये पोहोचल्यापासून मॉर्फीनच्या कपाटाची किल्ली तू कोणाच्याही हाती ठेवीत नाहीस, रात्री ती आपल्याबरोबर घरी नेतेस, आणि परवा पहाटे तिच्याच गावच्या एका वृद्ध रुग्णाला तू येईपर्यंत कण्हत पडावे लागले, असे ती म्हणाली. मावशीच्या सांगण्यात पदरचे किती असते हे आपल्या घरात सर्वांस ठाऊक आहे. तरी यातला चौथा हिस्सा जरी खरा असला तरी तो मला सहन होण्यासारखा नाही.

भय मला कळत नाही असे समजू नकोस. पेडण्याच्या आणि डिचोलीच्या मामलेदार कचेऱ्यांत माझी उमेदीची वर्षे गेली. दप्तर तपासायला वरिष्ठ येणार म्हटले की अव्वल कारकुनापासून शिपायापर्यंत सर्वांच्या तोंडचे पाणी कसे पळे ते मी पाहिले आहे. त्यातून तुमचा विषय अफूपासून निघालेल्या औषधाचा. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्याने अपराध्यांस धाक बसावा म्हणून दहा-दहा वर्षांच्या सक्तमजुरीची तरतूद केली. परंतु त्या धाकाने प्रथम कोण भ्याले असेल, तर औषधविक्रेते आणि इस्पितळे. एका खेपेसाठी निरनिराळ्या खात्यांचे चार-पाच परवाने, आणि ते सर्व एकाच वेळी मुदतीत असले पाहिजेत, असा तो खटाटोप पाहून अनेकांनी मॉर्फीन ठेवणेच सोडून दिले. निमच आणि गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत अफूवर प्रक्रिया होत होती, या देशातली अफू परदेशच्या रुग्णांच्या वेदना शमवीत होती, आणि आपल्याच घरांतली माणसे खाटेला खिळून तळमळत होती. केरळात डॉ. राजगोपाल यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला तेव्हा कोठे २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फीनसह काही औषधे ‘अत्यावश्यक’ ठरली, आणि मान्यताप्राप्त संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाच्या एका मान्यतेवर ती बाळगता येऊ लागली. एवढ्या सायासाने जे दार उघडले त्याला तू भीतीपोटी आतून कडी घालावीस हे मला पाहवत नाही.

तपासनीस येईल तो काय विचारील? साठा किती आला, किती दिला, कोणाला दिला, कोणाच्या आज्ञेने दिला, शिल्लक किती. दर पाळीच्या अखेरीस दोघांनी मिळून गोळ्या मोजाव्या, वहीतल्या आकड्याशी रुजवात घालावी आणि दोघांनी सह्या कराव्या. गोळी फुटली, रुग्णाने ओकून टाकली, रुग्ण गेल्यावर उरली, तर त्याचीही नोंद त्याच दिवशी. मागील वही सुवाच्य करून पुन्हा लिहावी असा विचार तुमच्या कार्यालयात चालला असल्याचेही कानावर आले आहे. तसे मुळीच होऊ देऊ नकोस. नोंद चुकली असेल तर तिच्यावर एकच रेघ, शेजारी सही आणि तारीख. अनुभवी तपासनीस खाडाखोडीपेक्षा एका शाईने, एका बैठकीत लिहिलेल्या वहीकडेच अधिक संशयाने पाहतो. वार्षिक गरजेचा अंदाज आणि वर्षाचा हिशेब वेळच्या वेळी रवाना कर. २०१९ च्या गोव्याच्या वैद्यकीय आस्थापना कायद्याखालचे कागद, वेदनाशमनाचे शिक्षण घेतलेल्या तुमच्या डॉक्टरांचे दाखले, हे सर्व एका फाइलीत असू दे. पिवळ्या आणि तांबड्या पिशव्यांतला वैद्यकीय कचरा अठ्ठेचाळीस तासांहून अधिक पडून राहता कामा नये, आणि त्याची विल्हेवाट लावणारा प्रकल्प तर आपल्या कुंडईलाच आहे, म्हणजे तेथे अंतराची सबब नाही.

परंतु किल्ली! सरकारी खजिन्यालादेखील दोन कुलपे आणि दोन किल्ल्या असत, त्या दोन निरनिराळ्या हाती असत, आणि त्यांतला एक हात रजेवर गेला तर लेखी हुकुमाने दुसरा नेमला जाई. रात्रपाळीच्या परिचारिकांना तसा लेखी अधिकार दे, डॉक्टरांकडून वेदना उसळल्यास द्यावयाच्या जादा मात्रेची आज्ञाही आधीच लिहून घे. पोटात घ्यायच्या मॉर्फीनचा अंमल चार तासांचा, हे तूच मला शिकवलेस; मग ती चार तासांची मुदत रात्री कोणाच्या हुकुमाने स्थगित होते?

रागावून लिहिले गेले. त्याला कारण तुझी आजी आहे. १९८६ च्या पावसाळ्यात ती बांदोड्याच्या घरी अंथरुणावर होती आणि मी पेडण्याला. त्याच जुलैत मांडवीवरचा पूल कोसळला, आणि शनिवारी कचेरी सुटल्यावर बेतीच्या धक्क्यावर फेरीबोटीच्या रांगेत उभा राहून मी घरी पोचेपर्यंत रात्र होऊन जाई. तिच्या दुखण्यावर मॉर्फीन लागेल असे आमच्या डॉक्टरांनी सांगितले. ज्यांच्याकडे मागितले त्यांनी कायद्याचे नाव सांगून हात जोडले. त्याच वर्षी मुंबईत डॉ. डिसोझा यांनी शांती अवेदना सदन हे हॉस्पिस सुरू केले, पुढे लोटलीलाही त्याची शाखा झाली. बोरीच्या पुलापलीकडचे ते गाव, आपल्या घरापासून किती जवळ! लोटलीच्या रस्त्याने जाताना आजही मला वाटते, आईला असे चार दिवस मिळाले असते, आणि मला तिच्या उशाशी बसायला. तरुणपणी माणसाला नोकरी फार मोठी वाटते, बाय.

बांबोळीच्या इस्पितळातली नोकरी सोडून तू या कामात शिरलीस तेव्हा घरात सर्वांनी तुला दोष दिला. पेडण्याच्या आणि डिचोलीच्या खेड्यांतून येणाऱ्या माणसांची बोली बोलून, त्यांच्या मुलांना जेवू घालून, तू जे करतेस ते मी पाहिले आहे. भ्यालीस ती स्वतःसाठी नव्हे; मान्यता गेली तर या माणसांना वाली कोण, या काळजीने तुझी झोप उडाली असणार, हेही मी जाणतो. त्या वृद्धाची गोष्ट खोटी असेल तर मावशीवर रागावू नकोस, आणि खरी असेल तर त्याच्याजवळ घटकाभर बस.

आणखी एक. आयुष्याच्या अखेरीस कोणते उपचार नकोत ते आधी लिहून ठेवण्याची सोय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केली आणि २०२३ मध्ये सुलभ केली. पुढल्याच वर्षी आपल्या उच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती सोनक यांनी गोव्यात स्वतः तसे पत्र नोंदवले, हे तुला माहीत आहेच. माझाही मसुदा वकिलांनी तयार केला आहे. मला बोलता येईनासे झाल्यावर माझ्या वतीने कोणी बोलावे त्या जागी मी, तुझ्या दादाबरोबर, तुझे नाव घातले आहे. त्याची एक प्रत तुझ्या हाती द्यायची आहे. चवथीला येशील तेव्हा दोन दिवस राहायला ये. मामी पातोळ्या करणार आहे, हळदीची पाने परसात भरपूर आहेत.

तुझा,
मामा