फ्लोटिंग सिग्नलला जमीन दाखवा!

थर्मोकपल चांगलं, डॅक कार्ड चांगलं, स्क्रूही घट्ट आवळलेले. तरी स्क्रीनवरचं रीडिंग हळूहळू सरकत जातं आणि शेवटी फुल स्केलला जाऊन चिकटतं. मग सगळे सेन्सरला शिव्या घालतात. पण बऱ्याचदा दोष सेन्सरचा नसतो, न जोडलेल्या एका वायरचा असतो.

फ्लोटिंग म्हणजे काय?

ज्या सोर्सचं एकही टोक अर्थिंगला जोडलेलं नाही, तो फ्लोटिंग सोर्स. बॅटरीवरचं सर्किट, ट्रान्सफॉर्मरने आयसोलेट केलेलं आउटपुट आणि कुठल्याही धातूला न टेकलेलं थर्मोकपल ही नेहमीची उदाहरणं. तेच थर्मोकपल अर्थ केलेल्या पाइपवर वेल्ड केलं की झालं ग्राउंडेड! म्हणून सेन्सरचं नाव नाही, जोडणी बघायची.

रीडिंग का सरकतं?

डिफरेन्शियल इनपुटमध्ये कार्ड प्लस आणि मायनस या दोन पिनांमधला फरक मोजतं. आतल्या अॅम्प्लिफायरच्या दोन्ही पिनांना अगदी थोडा बायस करंट लागतो आणि त्याला ग्राउंडला परतायला वाट हवी असते. फ्लोटिंग सोर्समध्ये ती वाटच नाही. मग हा करंट इनपुटच्या कपॅसिटन्सला चार्ज करत बसतो. समजा करंट 100 पिकोअँपिअर आणि कपॅसिटन्स 100 पिकोफॅरड. भागाकार केला तर सेकंदाला 1 व्होल्ट! दहा-पंधरा सेकंदांत दोन्ही पिना कार्डाच्या मर्यादेबाहेर. आणि के टाइप थर्मोकपल एका डिग्रीला देतं जेमतेम 41 मायक्रोव्होल्ट.

उपाय काय?

1. सोर्सचा रोध कमी असेल (थर्मोकपलचा साधारण असतोच), तर मायनस पिन कार्डाच्या अॅनालॉग ग्राउंडला सरळ वायरने जोडा. प्लसचा करंट सोर्समधूनच परततो.

2. सोर्सचा रोध जास्त असेल, तर दोन्ही पिनांपासून ग्राउंडला एकेक सारखाच रेझिस्टर लावा, 10 ते 100 किलोओहमचा. सारखाच का? दोन्ही वायर्सवर नॉइज सारखा आला तरच वजाबाकीत तो जातो. पण याची किंमत मोजावी लागते. सोर्स 1 किलोओहमचा आणि दोन रेझिस्टर 100 किलोओहमचे असतील, तर रीडिंग सुमारे 0.5 टक्का कमी येतं. हे गणित रिपोर्टमध्ये जरूर दाखवा.

3. सिग्नल कपॅसिटरमधून येत असेल, तर प्लसचा रेझिस्टर विसरून चालणार नाही, कारण कपॅसिटर डीसी अडवतो.

सावधान! सोर्स आधीच ग्राउंडेड असेल, तर मायनस पुन्हा कार्डाच्या ग्राउंडला जोडू नका. दोन ग्राउंड थोड्या वेगळ्या व्होल्टेजवर असतात, लूप तयार होतो आणि 50 हर्ट्झची गुणगुण सिग्नलवर बसते. आधी पॉवर बंद करून, सोर्स कार्डापासून सोडवून, मायनस आणि अर्थिंग यांच्यातला रोध मल्टिमीटरने मोजा.

रीडिंग फुल स्केलला चिकटलं तर निदान कळतं तरी. पण मल्टिप्लेक्सर असलेल्या कार्डात तरंगता चॅनेल कधीकधी शेजारच्या चॅनेलचंच व्होल्टेज दाखवतो. आकडा अगदी खरा वाटतो. त्या आकड्यावर भट्टीचा हीटर चालू-बंद होत असेल, तर काय होईल याचा विचार करा, आणि हीटर जोडण्याआधी ती एक वायर तपासा.