शेतीकामात ब्लूटूथ हेडसेट : केव्हा लावावा, केव्हा काढून ठेवावा

पहाटेची वेळ. पुरंदरचा अंजीर बागायतदार पिकअपमध्ये माल भरून दिवे घाट उतरतो आहे. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात अडत्या गाळ्यावर वाट पाहतो आहे आणि नेमका वळणावर त्याचाच फोन वाजतो. एका हातात स्टिअरिंग, दुसरा हात खिशात, मग मान वाकडी करून फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये दाबून धरायचा. पुणे शहरात माल घेऊन येणाऱ्या शेतकरी बंधूंना हा प्रसंग नवा नाही. दुचाकीवर तर फोन हेल्मेटच्या आत खुपसून बोलत जाणारेही शहरात रोज दिसतात.

यावर उपाय म्हणून ब्लूटूथ हेडसेट आता खेडोपाडी पोहोचला आहे. शिवाजीनगरच्या कृषि महाविद्यालयात येणारे शेतकरीही बियाण्याची चौकशी झाली की "सर, हे कानातलं यंत्र घ्यावं का?" असे विचारतात. घ्यावे, असेच माझे उत्तर असते. मात्र या यंत्राने हात मोकळे होतात. कान आणि लक्ष गुंतलेलेच राहते. शेतीतील कोणत्या कामाला नुसते हात लागतात आणि कोणत्या कामाला लक्षही लागते, हे ओळखून त्याचा वापर करावा.

हे उपकरण कसे चालते ?

ब्लूटूथ म्हणजे जवळच्या अंतरावरील बिनतारी जोडणी. स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत १९९४ मध्ये या तंत्राचे काम सुरू झाले. दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हॅराल्ड ब्लूटूथ याचे नाव पुढे त्याला देण्यात आले. फोन आणि हेडसेट एकमेकांशी २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच्या रेडिओ लहरींनी बोलतात. साध्या हेडसेटचा पल्ला मोकळ्या जागेत साधारण १० मीटर धरावा. या जोडणीला इंटरनेट लागत नाही. पण शिवारात जिथे मोबाइललाच रेंज नाही, तिथे हेडसेट लावून रेंज येत नाही. हा गैरसमज बराच आढळतो.

या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि माणसाच्या शरीरात पाणीच अधिक. म्हणून फोन डाव्या खिशात आणि हेडसेट उजव्या कानात असला, तर आवाज तुटक येतो. फोन वरच्या खिशात आणि हेडसेटच्याच बाजूला ठेवल्यास बहुतेक तक्रार दूर होते.

निवड

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. एका कानात बसणारा व तोंडाकडे माइकची दांडी असलेला, गळ्यात अडकवायचा नेकबँड आणि दोन्ही कानांत बसणाऱ्या सुट्या गोळ्या म्हणजे इअरबड. शेतकऱ्याने एका कानाचा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरा कान मोकळा राहतो, त्यामुळे मागून येणारे वाहन, बिथरलेला बैल किंवा सोबतच्या मजुराची हाक ऐकू येते. माइक तोंडाजवळ असल्याने वाऱ्यातही आवाज बरा जातो. इअरबड दिसायला छान, पण नांगरटीच्या ढेकळांत पडला की सापडत नाही.

बुधवार पेठेत तपकीर गल्लीत किंवा तालुक्याच्या दुकानात खरेदी करताना दुकानदार गाणे लावून आवाज ऐकवतो. त्यावर जाऊ नये. दुकानाबाहेर रस्त्याच्या गोंगाटात उभे राहून घरी फोन लावावा आणि आपला आवाज पलीकडे कसा ऐकू येतो ते विचारावे. खोक्यावर 'आयपी' आणि पुढे दोन अंक असतात, उदाहरणार्थ आयपी ५४. पहिला अंक धुळीपासूनच्या व दुसरा पाण्यापासूनच्या संरक्षणाचा. पहिल्या अंकाच्या जागी फुली असेल, तर धुळीची चाचणी नोंदलेली नाही असे समजावे. मळणीच्या दिवसांत हा अंक उपयोगी पडतो. पक्की पावती घ्यावी.

जोडणी

हेडसेट प्रथम पूर्ण चार्ज करावा. नंतर तो बंद असताना त्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे. बहुतेक हेडसेटमध्ये लाल व निळा दिवा आलटून पालटून लुकलुकू लागतो. याचा अर्थ तो जोडणीस तयार आहे. फोनच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथ सुरू करून 'नवीन उपकरण जोडा' यावर जावे. यादीत हेडसेटचे नाव दिसेल, त्यावर बोट ठेवावे. जुन्या हेडसेटने आकडा मागितल्यास बहुधा ०००० चालतो. ही जोडणी एकदाच करावी लागते. पुढे दोन्ही सुरू असले की आपोआप जुळतात.

गाणी ऐकू येतात पण फोनवरील बोलणे हेडसेटमध्ये येत नाही, अशी अडचण आल्यास त्याच यादीत हेडसेटच्या नावापुढील चिन्ह दाबून 'फोन कॉल' हा पर्याय सुरू आहे का ते पाहावे. फोन घेण्यास व ठेवण्यास सहसा एकदाच बटण दाबावे लागते. सोबतच्या माहितीपत्रकात खात्री करून घ्यावी.

खरा उपयोग कोठे ?

पीक पाहताना याचा सर्वात चांगला उपयोग होतो आणि त्याकडेच सर्वात कमी लक्ष जाते. किसान कॉल सेंटर २१ जानेवारी २००४ पासून सुरू आहे. १८००-१८०-१५५१ या विनाशुल्क क्रमांकावर सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत सल्ला मिळतो. पण अनेक शेतकरी घरी ओट्यावर बसून फोन लावतात आणि "कपाशी पिवळी पडली आहे" एवढेच सांगतात. तज्ज्ञाने विचारावे, पिवळेपणा खालच्या पानांवर की शेंड्याकडे? शिरा हिरव्या आहेत की त्याही पिवळ्या? पानामागे तुडतुडे दिसतात का? याची उत्तरे ओट्यावरून देता येत नाहीत. हेडसेट लावून सरीत उभे राहावे. दोन्ही हातांनी पान उलटे करावे, झाड उपटून मूळ पाहावे, खोड उभे चिरून आतला रंग सांगावा. ओळखीच्या तज्ज्ञाशी व्हिडिओ कॉल असेल, तर फोनचा कॅमेरा पानाजवळ नेला तरी बोलणे कानात चालूच राहते. असे पाहून घेतलेला सल्ला नेमका असतो आणि चुकीच्या औषधाचा एक फवारा वाचू शकतो.

क्रेट भरणे, प्रतवारी, रोपवाटिकेत पिशव्या भरणे ही कामेही बोलत बोलत होतात. मोजणीचे काम मात्र होत नाही. रब्बी ज्वारीच्या प्लॉटमध्ये एका मीटर ओळीतील ताटे मोजताना मी हेडसेटवर सहकाऱ्याशी बोलत होतो. चौथ्या ओळीनंतर वहीतील आकडे माझे मलाच पटेनात. सगळी मोजणी पुन्हा केली.

फवारणीत लावू नये

येथे मी आग्रहाने सांगतो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. कीटकनाशक तोंडावाटे आणि श्वासावाटे जसे शरीरात जाते, तसेच कातडीतूनही जाते आणि सर्व ठिकाणची कातडी सारखी नसते. पॅराथिऑन या कीटकनाशकावर अमेरिकेत झालेल्या जुन्या प्रयोगांत कोपरापुढील हाताच्या मानाने कानाच्या नळीतून सुमारे पाचपट शोषण आढळले होते. द्रावणाचे तुषार पडलेली हेडसेटची रबरी गोळी किंवा औषध लागलेल्या बोटाने दाबलेले बटण म्हणजे विष कानापर्यंत पोहोचवण्याची सोयच. स्पंजाचे आवरण असेल तर ते द्रावण शोषून धरते आणि दुसऱ्या दिवशीही तोच हेडसेट कानात जातो.

म्हणून औषध मिसळताना व फवारताना हेडसेट आणि फोन दोन्ही दूर, कोरड्या पिशवीत ठेवावेत. फोन वाजला तर वाजू द्यावा. पंप धुऊन, हात साबणाने स्वच्छ करून, कपडे बदलल्यावर उलट फोन लावावा.

यंत्रे आणि रस्ता

कडबा कुट्टी, मळणी यंत्र किंवा ट्रॅक्टरचा फिरता पीटीओ शाफ्ट यांच्याजवळ गळ्यात काहीही लोंबते नसावे. उपरणे नको, तसा नेकबँडही नको. ट्रॅक्टरवर बोलणे ऐकू यावे म्हणून आवाज वाढवत नेणे कानाला घातक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत सुरक्षित. त्याहून मोठ्या आवाजाला ही मुदत झपाट्याने कमी होते. ट्रॅक्टर बांधावर थांबवून बोलावे, डिझेलही वाचते.

आता दिवे घाटातील पिकअपकडे येऊ. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. वाहन चालवताना हातात धरलेला फोन वापरणे हे धोकादायक वाहन चालवणे ठरले. पहिल्या गुन्ह्यास ६ महिने ते १ वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. हेडसेट असला की यातून सुटलो, असे अनेकांना वाटते. पण लोकांना धोका होईल अशा रीतीने वाहन चालवणे हाही त्याच कलमाचा विषय आहे. अमेरिकेतील यूटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, फोनवर बोलणाऱ्या चालकांकडून सिग्नल चुकण्याचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. फोन हातात धरला की हात मोकळे ठेवले, याने फारसा फरक पडला नाही. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. अडत्याला उत्तर जुळवताना तीन सेकंद गेले, तर गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते.

हेडसेटवर फोन घ्यावा, "घाटात आहे, खाली उतरून लावतो" एवढेच सांगावे आणि ठेवावा. भावाची बोलणी घाट उतरल्यावर, वडकीला गाडी कडेला उभी करून करावीत.

निगा

घामातील क्षाराने चार्जिंगची टोके गंजतात. रोज संध्याकाळी हेडसेट कोरड्या मऊ कापडाने पुसावा, रबरी गोळी काढून साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी. एकाचा हेडसेट दुसऱ्याने कानात घालू नये. उन्हात तापलेल्या पिकअपमध्ये काचेखाली ठेवल्यास आतली बॅटरी लवकर निकामी होते.

एक तक्रार नेहमी येते : घरात फोन घेतला, पण पलीकडचा आवाजच येत नाही. अशा वेळी अंगणातल्या गाडीत हेडसेट चालू राहिला आहे का ते पाहावे. फोन त्याच्याशी जोडलेला असतो आणि अडत्या रिकाम्या गाडीशी बोलत असतो. बोलताना पडद्यावरील ब्लूटूथचे चिन्ह दाबून 'फोन' निवडले की आवाज परत येतो.