पेनड्राइव्हसारखी दिसणारी सिगारेट



मुलांच्या दप्तरात पेन किंवा पेनड्राइव्हसारखी अनोळखी वस्तू दिसली तर ती 'व्हेप', म्हणजेच ई-सिगारेट असू शकते. बॅटरीवर द्रव तापतो व त्याचा वाफारा ओढला जातो. त्यात बहुधा निकोटीन असते. फळांच्या स्वादामुळे सिगारेटचा वास मात्र येत नाही. मेंदूची वाढ साधारण २५ व्या वर्षापर्यंत चालते. त्याआधी निकोटीनची सवय लवकर जडते. लक्ष व स्मरणशक्तीवर परिणाम होतो. आपल्या देशात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटच्या विक्रीवर बंदी आहे. तरीही ती चोरून विकली जाते.

आपले शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, असे संत पौल करिंथकरांस शिकवतो (१ करिंथ ६). ही शिकवण घरातूनच रुजते.

आपण काय करावे?

१. पाचवी-सहावीपासूनच या विषयावर मोकळेपणी बोला.
२. मित्राने आग्रह केला तर 'नको' कसे म्हणायचे, याचा घरी सराव करून घ्या.
३. स्वतः तंबाखू, सिगारेट सोडा. मुले आपले पाहूनच शिकतात.
४. वस्तू सापडली तर आधी ऐकून घ्या, मारझोड नको. उधळ्या पुत्राच्या पित्याने आधी मिठी मारली (लूक १५). मार बसेल या भीतीने मूल लपवू लागते आणि सवय वाढते.

व्यसन सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या शासकीय क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

आज रात्री कौटुंबिक प्रार्थनेनंतर दहा मिनिटे मुलांजवळ बसा.