साधी बरणी, जुना थाट
घरबसल्या करता येण्याजोगा एक जोडधंदा

गिऱ्हाईक आधी डोळ्यांनी माल पाहते, मग हातात घेते आणि शेवटी खिशात हात घालते. अत्तर, कापूस, कंगवा, साबण, हजामतीचा ब्रश या वस्तू रोजच्याच. परंतु पूर्वी त्यांनाही घरात मानाची जागा होती. बिदरच्या कारागिरांनी काळ्या धातूवर चांदीची नक्षी जडवून अत्तरदाण्या घडविल्या, त्या आज संग्रहालयांत ठेवल्या आहेत. तसे काम सर्वांच्या खिशाला परवडणारे नाही. मात्र त्या थाटाची आठवण देणाऱ्या बरण्या थोड्या भांडवलात घरी तयार करता येतात. सलून, ब्युटी पार्लर आणि लग्नाचा आहेर ही त्यांची गिऱ्हाईके होत.

कृती पुढीलप्रमाणे आहे.

१) रुंद तोंडाच्या, एकाच मापाच्या काचेच्या बरण्या घ्याव्यात. कोमट पाण्यात भिजवून जुने लेबल काढावे. चिकटा राहिल्यास खाण्याचा सोडा व खाद्यतेल समभाग कालवून चोळावे आणि साबणाने धुवावे. लोणच्याच्या बरणीचे झाकण घेऊ नये; त्याचा वास जात नाही आणि कापसाला लागतो.

२) झाकणाच्या मधोमध भोक पाडून कपाटाच्या खणाला लावतात तशी पितळी मूठ स्क्रूने बसवावी. झाकण बारीक पॉलिश पेपरने घासून प्रायमरचा एक हात द्यावा व वाळल्यावर पितळी किंवा तांबूस रंग लावावा. झाकणाच्या आतील बाजूस रंग लावू नये. न्हाणीघरातील दमट हवेत उघडा पत्रा गंजतो, म्हणून प्रायमर टाळू नये.

३) लेबलासाठी जाड पांढऱ्या कागदावर झेरॉक्स काढावी. ही अक्षरे पाण्याने पसरत नाहीत. मग कागद गार झालेल्या कोऱ्या चहात पाच मिनिटे बुडवून सावलीत वाळवावा आणि वह्यांच्या दाबाखाली सपाट करावा. जुन्या कागदाचा पिवळसर रंग येतो. पांढऱ्या डिंकाने चिकटवून वरूनही डिंकाचा पातळ हात द्यावा. पूर्ण वाळल्यावर पारदर्शक वॉर्निश लावावे. डिंकाचा थर नसेल तर वॉर्निश कागदात मुरून डाग पडतात.

४) लाकडी झाकण हवे असल्यास खरादकाम करणाऱ्याकडून करून घ्यावे. त्यावर चपड्याचे स्पिरिट पॉलिश शोभून दिसते. पण आफ्टर शेव्हसारखी अल्कोहोलयुक्त वस्तू सांडली की ते विरघळते. अशा ठिकाणी तेलकट वॉर्निशच वापरावे.

आता हिशेबाकडे वळू. बहुतेकांचे नुकसान येथेच होते. समजा, एका बरणीला काच १५, मूठ व स्क्रू २५, रंग-वॉर्निश १५ आणि लेबल ५ असे ६० रुपये लागले. तीन बरण्यांच्या संचाला १८० रुपये झाले. संच ३०० रुपयांना विकला तर १२० रुपये सुटले असे वाटते. परंतु प्रत्येक बरणीला ४० मिनिटे, म्हणजे संचाला दोन तास लागले. तासाला ९० रुपये मजुरी धरली तर आणखी १८० झाले. एकूण ३६० रुपये. तुटफूट व वाहतुकीसाठी दहा टक्के धरले की ३९६ होतात. म्हणजे ३०० रुपयांत तो संच ९६ रुपये तोट्यात गेला, आणि तो तोटा घरातल्या बायका-मुलींच्या श्रमातून भरून निघाला. घरचे हात फुकट नसतात. त्यांची मजुरी वहीत लिहावी आणि हातात द्यावी. भाव त्यानंतर ठरवावा.

दोन गोष्टींची खबरदारी घ्यावी. पहिली, बरण्या रिकाम्या विकाव्यात किंवा फार तर कापूस, कंगव्यासारख्या कोरड्या वस्तू घालून विकाव्यात. दुसऱ्याचे क्रीम वा तेल त्यात भरून आपले लेबल लावू नये. सौंदर्यप्रसाधने बनविणे, भरणे व त्यांवरील लेबल यांना १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याचे नियम लागू आहेत. तसा विचार असल्यास अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात आधी चौकशी करावी.

दुसरी गोष्ट पत राखण्याची. १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्यानुसार अशी कलावस्तू किमान १०० वर्षे जुनी असावी लागते. चहात बुडविलेल्या कागदाने बरणी जुनी होत नाही. गिऱ्हाइकाने "ही खरोखर जुनी आहे का?" असे विचारले तर स्पष्ट सांगावे, "नाही, जुन्या धाटणीची आहे. आम्ही घरी बनविली." तळाशी तसे लिहिलेही असावे. खोटे सांगून एकदा पन्नास रुपये जास्त मिळतील, पण ते गिऱ्हाईक परत येणार नाही. खरे ऐकून ज्याने बरणी घेतली, तो पुढच्या लग्नाच्या वेळी दहा संचांची मागणी घेऊन येऊ शकतो.

सुरुवात पाच संचांपासून करावी. ते ओळखीच्या सलूनमध्ये मांडून पाहावेत, कोणता रंग व कोणते माप उचलले जाते याची नोंद ठेवावी आणि मगच घाऊक काच खरेदी करावी.