पाऊल आपणच टाकायचं

एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. या आजारात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच मेंदू आणि मज्जारज्जूमधल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण पोखरते. पायांकडे निघालेले निरोप मग उशिरा पोचतात, काही पोचतच नाहीत. माझ्या पायातून चप्पल निसटली तरी कळेना, पुढे उजवं पाऊल घासायला लागलं. पुण्यातल्या एका पुनर्वसन केंद्रात मी रोबोटिक यंत्रावर चालण्याचे उपचार घेतले. त्यातून उमगलेल्या गोष्टी याच वाटेवरच्या माणसांसाठी लिहिते आहे.

१. यंत्राने पाय उचलला तरी चालायचं आपणच.
लोकोमॅटसारख्या यंत्रात हार्नेस बांधून शरीराचं काही वजन वरून तोलून धरतात. पायांना बाहेरून यांत्रिक पाय जोडतात. खाली ट्रेडमिल फिरत असतो आणि खुबा व गुडघा मोटारी हलवतात. ही मदत कमी-जास्त करता येते. पूर्ण मदत असली की पाय सैल सोडले तरी पावलं पडत राहतात, मात्र त्यातून मेंदूला फारसं शिकायला मिळत नाही. म्हणून प्रत्येक पावलाला मनात ‘उचल, टाच टेक’ म्हणायचं आणि झेपेल तशी मदत कमी करायला सांगायचं.

२. निर्भयपणे केलेला सराव हेच यंत्राचं मोठं देणं आहे.
घरी भिंत धरून मोजकी पावलं टाकतानाही लक्ष पडण्याकडे असतं. यंत्रात एका बैठकीत शेकडो पावलं एका लयीत पडतात. भीतीने आखडलेलं अंग मोकळं होतं आणि लक्ष चालण्याकडे वळतं. मात्र बधिर कातडीला पट्टा काचला तरी कळत नाही. उतरल्यावर मांड्या, पोटऱ्या आणि जांघा डोळ्यांनी तपासायच्याच.

३. तोलाचा सराव वेगळा करावा लागतो.
यंत्र कंबर धरून ठेवतं, त्यामुळे तोल सांभाळायचं बरंच काम तेच करतं. एरवी तोल डोळे, आतला कान आणि तळपायांची जाणीव या तिन्हींवर उभा असतो. तळपाय बधिर झाले की सगळा भार डोळ्यांवर येतो. म्हणूनच तोंडाला साबण लावून डोळे मिटले की, किंवा रात्री दिवे गेले की आपण हेलकावतो. हलत्या फळीवर, फोमवर, डोळे मिटून उभं राहण्याचा सराव त्यासाठीच असतो. तो जवळ थेरपिस्ट असतानाच करावा.

४. उकाडा गृहीत धरूनच वेळ ठरवा.
श्रमाने काही रुग्णांची दृष्टी तात्पुरती मंदावते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्ये नोंदवलं. श्रमाने किंवा उकाड्याने अंग तापलं की पायही असेच जड होतात. एप्रिल-मे महिन्यांत सकाळची वेळ, गार खोली, ओला पंचा आणि मध्येमध्ये विसावा हवाच. गारव्यात बसल्यावर ताकद परतते, त्यामुळे आजार बळावला असं समजून घाबरू नये. अशक्तपणा नवा असेल आणि दिवसभर टिकला, तर मात्र डॉक्टरांना कळवावं.

५. यंत्र मिळालं नाही म्हणून वाट संपत नाही.
इटलीत फेरारा इथे चालणं फार अवघड झालेल्या ७२ रुग्णांवर अभ्यास झाला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत रोबोटिक सराव जमिनीवर कसून केलेल्या चालण्याच्या सरावापेक्षा सरस ठरला नाही. खर्च झेपत नाही म्हणून झुरणाऱ्या प्रत्येक घराला हे कळायला हवं. जाणकार थेरपिस्ट आणि नेमाने केलेला सराव यांचं मोल मोठं आहे.

६. प्रगती जमिनीवर मोजा.
यंत्राच्या पडद्यावरचं अंतर पाहून हुरूप येतो, पण खरी परीक्षा फरशीवर होते. सहा मिनिटांत किती चाललो? खुर्चीतून उठून ३ मीटर जाऊन परत बसायला किती वेळ लागला? तोलासाठी बर्ग चाचणी असते. तिच्यात १४ कृती आणि ५६ गुण असतात. या नोंदी तारखेसह वहीत लिहून ठेवा.

७. काठी आणि कागद, दोन्ही हक्काने घ्या.
काठीमुळे पडणं टळतं आणि बाहेर जाणं सुरू राहतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा समावेश आहे, तेव्हा प्रमाणपत्रासाठी अर्ज करायला संकोचू नका.

उपचार सुरू करण्याआधी आपल्याला काय जमायला हवं आहे, ते थेरपिस्टला नेमकं सांगा: रात्री मोरीपर्यंत एकटीने जाणं, रिक्षात चढणं, ओट्याशी उभं राहून पोळ्या करणं. त्यावरून यंत्र हवं का, किती काळ आणि त्यासोबत कोणता सराव, हे ठरवता येतं. ते ठरवताना आपलं मत मोकळेपणाने मांडा, कारण त्या पावलांनी रोज चालायचं आपल्यालाच असतं.