गांडूळखत आणि मुलांचे जंत

घरात गांडूळखताची कुंडी ठेवल्यास मुलांना जंत होतील काय, असे माता मला वारंवार विचारतात. गांडूळ माणसाच्या आतड्यात राहत नाही. गोल जंत पसरतात ते मानवी विष्ठेने दूषित झालेल्या मातीतील अंड्यांमुळे. तथापि एक भेद ध्यानी घ्यावा. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात आपल्या इंदुरात सिद्ध केलेल्या खतपद्धतीत ढीग तापतो व बहुतेक रोगजंतू मरतात. गांडुळांची कुंडी अशी तापत नाही. तापलीच तर आधी गांडुळे मरतात! म्हणून तीत भाजीची देठे, केळीच्या साली, चहाचा चोथा खुशाल घालावा. बाळाचे मळके लंगोट वा कुत्र्यामांजरांची विष्ठा कदापि नको. खत हाताळल्यावर मुलांचे हात साबणाने धुवावेत. वैशाखात कुंडी सावलीत हलवावी.